जिवाणूंची वाढ आणि अन्नसाखळीतील बिघाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, तळी-तलाव सांभाळणारे लोक आणि पर्यावरणाचे प्रकल्प करणारी मुले यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिवाणू वाढतात कसे, हे बहुतेकांना लवकर समजते. ती वाढ थांबते कशाने, इथे मात्र गोंधळ होतो आणि अन्नसाखळीतले बरेचसे बिघाड त्याच मुद्द्यापाशी येऊन ठेपतात. म्हणून उत्तरांचा भर तिथे आहे.

१. जिवाणूंची वाढ म्हणजे त्यांचा आकार वाढतो की संख्या?

संख्या. एक पेशी लांब होते, तिच्यातल्या डीएनएची नक्कल तयार होते, मध्यावर एका प्रथिनाचे कडे आवळले जाते, तिथे भिंत उभी राहते आणि एकाच्या दोन पेशी होतात. याला द्विखंडन म्हणतात. पेशीचा आकार थोडाफार बदलतो, पण ‘वाढ’ मोजताना आपण एका ठरावीक आकारमानात किती पेशी आहेत तेच पाहतो. काही जिवाणू मुकुलनाने किंवा तंतूचे तुकडे पडूनही वाढतात. हिशेब तोच राहतो.

२. दर २० मिनिटांनी दुप्पट होतात, हे सगळ्या जिवाणूंना लागू आहे का?

नाही. २० मिनिटे हा आकडा एश्चेरिचिया कोलायचा, म्हणजे ई. कोलायचा आहे आणि तोही ३७ अंश सेल्सिअस तापमान, भरपूर पोषण आणि पुरेसा ऑक्सिजन मिळाला तरच. व्हिब्रिओ नॅट्रिजेन्स हा समुद्री जिवाणू सुमारे १० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला १५ ते २० तास लागतात, तर कुष्ठरोगाच्या जिवाणूला जवळपास दोन आठवडे. क्षयाच्या कल्चरचा अहवाल यायला आठवडे का लागतात, याचे मुख्य कारण हेच. आतड्यात किंवा मातीत राहणारा ई. कोलायसुद्धा प्रयोगशाळेतला वेग क्वचितच गाठतो.

३. परीक्षेत अमुक तासांनी किती जिवाणू होतील असं विचारतात. ते कसं काढायचं?

आधी पिढ्या मोजा: वाढीचा वेळ भागिले दुपटीचा वेळ. मग सुरुवातीची संख्या तितक्या वेळा दुप्पट करा. समजा ५०० पेशी आहेत, पहिला १ तास लॅग अवस्था (संख्या वाढू लागण्याआधीचा तयारीचा काळ) आहे, दुपटीचा वेळ ३० मिनिटे आहे आणि ५ तासांनंतरची संख्या हवी आहे. वाढीचे तास ४, म्हणून पिढ्या ८. २ चा आठवा घात २५६, म्हणून उत्तर १,२८,०००. लॅगचा तास वजा करायला विसरले की पिढ्या १० होतात आणि उत्तर चौपट येते. सर्वाधिक गुण इथेच जातात.

उलट दिशेने पिढ्या काढायच्या असतील, तर शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्येच्या दशमान लॉगमधला फरक ३.३२ ने गुणा. १,००० पेशींच्या १ कोटी झाल्या तर फरक ४, म्हणजे सुमारे १३.३ पिढ्या. त्याला ४०० मिनिटे लागली असतील, तर दुपटीचा वेळ साधारण ३० मिनिटे.

४. असं दुप्पट होत गेले तर दोन दिवसांत सगळी पृथ्वी जिवाणूंनी का भरत नाही?

आकड्यांत पाहू. एका पेशीचे वजन १ ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरा. २० मिनिटांच्या वेगाने २४ तासांत ७२ पिढ्या होतात आणि एका पेशीच्या वंशाचे वजन सुमारे ४,७०० टन भरते. ४८ तासांनी तेच वजन पृथ्वीच्या वजनाच्या साडेतीन हजारपटींहून जास्त होईल.

प्रत्यक्षात पोषक द्रावणात १ मिलिलिटरमध्ये १०० ते ५०० कोटी पेशी झाल्या की गाडी थांबते. अन्न किंवा ऑक्सिजन संपतो, आम्ल किंवा इतर टाकाऊ पदार्थ साचतात. निसर्गात याहून कितीतरी आधी लगाम लागतो, कारण तिथे खाणारेही असतात. समुद्राच्या वरच्या थरात १ मिलिलिटरमध्ये साधारण १० लाख जिवाणू असतात आणि हा आकडा आश्चर्य वाटावे इतका टिकून राहतो. ते वाढत नाहीत म्हणून नव्हे. जितके नवे तयार होतात तितकेच एकपेशी शिकारी गिळतात आणि विषाणू फोडतात. ‘स्थिर’ दिसणाऱ्या संख्येमागे जन्म आणि मृत्यू दोन्ही जोरात चालू असतात, ही या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रश्न १३ आणि १९ वाचताना ती लक्षात ठेवा.

५. वाढीच्या आलेखातल्या चार अवस्थांमध्ये पेशीत नक्की काय चालतं?

लॅग अवस्थेत संख्या वाढत नाही, पण पेशी रिकामी बसलेली नसते. नव्या माध्यमाला लागणारी विकरे आणि रायबोसोम ती तयार करत असते. लॉग अवस्थेत प्रत्येक पेशी ठरावीक वेळाने विभागते. लॉग मापावर आलेख सरळ रेषेत चढतो. दुपटीचा वेळ फक्त याच सरळ भागातून काढावा. स्थिर अवस्थेत निव्वळ वाढ शून्य होते. पेशी लहान होतात, त्यांची भिंत चिवट होते, ताण सहन करणारी जनुके चालू होतात, बॅसिलससारखे जिवाणू बीजाणू तयार करतात. ऱ्हास अवस्थेत जिवंत पेशी घटत जातात, पण सहसा शेवटची पेशी मरेपर्यंत नाही. मेलेल्यांमधून सुटलेल्या पदार्थांवर थोड्या पेशी दीर्घकाळ तग धरतात.

याचा औषधांशी थेट संबंध आहे. पेनिसिलिन नवी भिंत बांधण्यात अडथळा आणते. जी पेशी भिंत बांधतच नाही, तिच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पू साचलेल्या जागी किंवा जैवपटलात (पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरात) संथ झालेले जिवाणू म्हणूनच औषधाला प्रतिकारक नसतानाही वाचतात.

६. आमच्या प्रयोगात लॅग अवस्था खूप लांबली. दुसऱ्या गटाचा आलेख मधेच सपाट होऊन पुन्हा चढला. चुकलं काय?

लॅग लांबण्याची नेहमीची कारणे: कल्चर जुने होते, माध्यम फ्रीजमधून काढून थंडच वापरले, किंवा समृद्ध माध्यमातल्या पेशी एकदम साध्या माध्यमात टाकल्या. रात्रभर वाढवलेले ताजे कल्चर, ३७ अंशाला आधीच गरम केलेले माध्यम आणि १०० भागांस १ भाग कल्चर एवढे पाळले तर लॅग बराच कमी होतो. लॉग अवस्थेतल्या पेशी त्याच माध्यमात, त्याच तापमानाला हलवल्या तर लॅग जवळजवळ दिसतच नाही, आणि ती चूक नसते.

मधेच सपाट होणे ही बहुधा चूक नव्हे. माध्यमात दोन शर्करा असतील, उदाहरणार्थ ग्लुकोज आणि लॅक्टोज, तर ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो, थोडा थांबतो, लॅक्टोज पचवणारी विकरे तयार करतो आणि मग पुन्हा वाढतो. झाक मोनो यांनी १९४० च्या दशकात हे दाखवले. जनुके चालू-बंद कशी होतात, याचा पुढचा शोध या छोट्याशा सपाट तुकड्यातूनच सुरू झाला.

७. प्लेटवरच्या वसाहती मोजून मूळ नमुन्यातली संख्या कशी काढायची?

९ मिलिलिटर निर्जंतुक द्रावण भरलेल्या ५ नळ्या घ्या. पहिलीत १ मिलिलिटर नमुना टाका, नीट ढवळा, नवी टिप लावून त्यातले १ मिलिलिटर दुसरीत, असे पाचवीपर्यंत करा. पाचव्या नळीत नमुना १ लाखास १ इतका विरळ झालेला असतो. तिच्यातले ०.१ मिलिलिटर प्लेटमधल्या अगारवर (जेलीसारख्या घट्ट माध्यमावर) पसरा, प्लेट उपडी ठेवून २४ तास उबवा. उपडी यासाठी की झाकणावर साचलेले पाण्याचे थेंब अगारवर पडून वसाहती एकमेकींत मिसळू नयेत.

३० ते ३०० वसाहती असलेल्याच प्लेट मोजायच्या. ३० पेक्षा कमी असतील तर योगायोगाचा वाटा मोठा होतो. ३०० च्या वर वसाहती एकमेकींना चिकटतात आणि उपाशीही राहतात. समजा ८४ आल्या. ८४ गुणिले १० (कारण ०.१ मिलिलिटरच घेतले) गुणिले १ लाख, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ८ कोटी ४० लाख. सलग दोन नळ्यांच्या प्लेटमध्ये साधारण दहापट फरक दिसला नाही, तर ढवळणे किंवा टिप बदलणे राहून गेले आहे.

८. प्रकाशमापकाचा आकडा आणि प्लेटवरची संख्या जुळत नाही. कोणतं खरं मानायचं?

दोन्ही, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून. ६०० नॅनोमीटरला मोजलेला गढूळपणा जिवंत-मृत असा भेद करत नाही. प्लेट फक्त वसाहत करू शकणाऱ्या पेशी मोजते आणि साखळीत किंवा गुच्छात असलेल्या दहा पेशींची एकच वसाहत होते. शिवाय ०.४ च्या वर गढूळपणा आणि संख्या यांचे सरळ प्रमाण बिघडू लागते. तेव्हा नमुना विरळ करून मोजा आणि मग गुणा.

माती किंवा समुद्राच्या पाण्यात ही तफावत प्रचंड असते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींपैकी १ टक्क्याहूनही कमी पेशी नेहमीच्या प्लेटवर उगवतात. प्लेट कोरी आली म्हणून पाणी जिवाणूमुक्त आहे असे म्हणता येत नाही.

९. ई. कोलायच्या डीएनएची नक्कल व्हायला ४० मिनिटं लागतात असं वाचलं. मग २० मिनिटांत दुप्पट कसा होतो?

पहिली नक्कल पुरी होण्याआधीच तो दुसरी सुरू करतो, कधी तिसरीसुद्धा. नव्या पेशीला जन्मतःच अर्धवट नक्कल झालेला डीएनए मिळतो, म्हणजे तिच्या विभाजनाची तयारी तिच्या आजीच्या पिढीतच सुरू झालेली असते. अन्न कमी असेल तेव्हा या फेऱ्या एकमेकींवर चढत नाहीत.

१०. फ्रीजमध्ये ठेवलं किंवा पुन्हा उकळलं की अन्न सुरक्षित झालं ना?

दोन्ही वेळा उत्तर ‘नेहमी नाही’. ५ ते ६० अंश हा बहुतेक धोकादायक जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. ५ च्या खाली वाढ मंदावते, जिवाणू मरत नाहीत. लिस्टेरिया तर ४ अंशालाही सावकाश वाढतो.

उकळण्याने वाढत्या पेशी मरतात, पण बीजाणू १०० अंशाला टिकू शकतात. त्यांच्यासाठी दाबाखाली १२१ अंश आणि १५ मिनिटे लागतात. स्टॅफिलोकोकस ऑरियसने आधीच सोडलेले विष उकळल्यावरही उरते. जिवाणू मेलेला, विष शाबूत. म्हणून खरा उपाय वाढ होऊ न देण्याचा. गरम अन्न उथळ भांड्यांत पसरून २ तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या ४ तासांत ५ अंशांपर्यंत आणा. खोल भांड्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि बिघाड तिथून सुरू होतो.

११. अन्नसाखळीच्या चित्रात जिवाणू शेवटी ‘विघटक’ म्हणून असतात. त्यांची जागा तेवढीच का?

ते चित्र अपुरे आहे. नील-हरित जिवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, म्हणजे ते उत्पादक आहेत. विघटन करणारे जिवाणू पोषकद्रव्ये मोकळी करतात हे खरे, पण ते स्वतः अन्नही असतात. शैवालातून पाण्यात झिरपणारे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ कोणताही मासा खाऊ शकत नाही. जिवाणू ते शोषतात, जिवाणूंना सूक्ष्म कशाभधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे एकपेशी) जीव खातात, त्यांना रोमधारी (अंगभर बारीक केस असलेले एकपेशी जीव), त्यांना प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी). फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या वाटेला सूक्ष्मजीवांचे वळसाचक्र म्हणून ओळख मिळवून दिली. या वाटेत पायऱ्या जास्त, म्हणून माशापर्यंत पोचणारी ऊर्जा कमी. विषाणूंनी जिवाणू फोडले, तर ते द्रव्य वर न जाता पुन्हा पाण्यातच विरघळते.

१२. प्रत्येक पायरीला १० टक्के ऊर्जा पुढे जाते, हा नियम कितपत पक्का आहे?

सरासरी म्हणून उपयोगी, नियम म्हणून कच्चा. रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये तळ्याचा ऊर्जाहिशेब मांडला, तेव्हापासून हा आकडा रूढ होत गेला. प्रत्यक्षात तो जीवानुसार बराच वरखाली होतो. समुद्रात काही वेळा उत्पादकांचे वजन भक्षकांपेक्षा कमी भरते, तेव्हा नियम मोडला असे वाटते. मोडलेला नसतो. शैवाल झपाट्याने दुप्पट होते आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जाते, त्यामुळे एका क्षणीचे वजन कमी दिसते, वर्षभराचे उत्पादन मात्र भरपूर असते.

१३. तलावात खत गेलं तर शैवाल वाढतं हे कळलं. पण मासे का मरतात? खत तर विषारी नसतं.

मासे मरतात ते जिवाणूंनी ऑक्सिजन संपवल्यामुळे. फॉस्फरस किंवा नायट्रोजन कमी असणे हा शैवालावरचा लगाम होता. तो सैल झाला की शैवाल माजते. ते मेल्यावर तळाशी जाते आणि आता जिवाणूंवरचा, अन्न तुटपुंजे असण्याचा, लगाम सुटतो. ते खातात, वाढतात आणि श्वसन करतात.

प्रमाण पाहिले की धक्का बसतो. १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे १०० ग्रॅम कोरडे शैवाल तयार होऊ शकते. त्याच्या पूर्ण विघटनाला साधारण १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २० अंशाच्या गोड्या पाण्यात १ लिटरमध्ये जेमतेम ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे १ ग्रॅम फॉस्फरस सुमारे १५,००० लिटर पाणी ऑक्सिजनशून्य करू शकतो. ३० अंशाला ऑक्सिजन ७.६ मिलिग्रॅमच मावतो आणि जिवाणूंचा वेग वाढलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात दुहेरी मार बसतो.

ऑक्सिजन लिटरला ४-५ मिलिग्रॅमच्या खाली आला की अनेक मासे त्रासतात. २ च्या खाली बहुतेक पळतात किंवा मरतात. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीतून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे दर उन्हाळ्यात असा पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर होता.

१४. संध्याकाळी पाणी ठीक होतं, सकाळी मासे तरंगत होते. कुणी विष टाकलं का?

विषाची शक्यता तपासावीच, पण आधी पहाटेचा ऑक्सिजन पाहा. दिवसा शैवाल ऑक्सिजन सोडते, रात्री तेही वापरते, त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पातळी सर्वांत खाली असते. दुपारी मोजलेला उत्तम आकडा म्हणून फसवा ठरतो. मोजमाप सूर्योदयापूर्वी, पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ अशा दोन खोलींवर घ्या. मोठे मासे आधी मेले आणि लहान वर येऊन तोंड उघडत होते, तर कारण बहुधा ऑक्सिजनच.

१५. शैवाल मारायचं औषध टाकलं किंवा हवेचा पंप लावला, तर तलाव लगेच सुधारेल का?

औषध एकदम सगळीकडे टाकले तर उलट होईल: सारे शैवाल एकाच वेळी मरेल आणि प्रश्न १३ मधली साखळी दोन-तीन दिवसांत घडेल. औषध वापरायचेच असेल तर एका वेळी निम्म्याहून कमी भाग आणि मधे सुमारे दोन आठवडे ठेवा. नील-हरित जिवाणू असतील तर पेशी फुटून विष पाण्यात मोकळे होते, हेही ध्यानात असू द्या.

पंप उपयोगी आहे, पण तळाचे पाणी आधीच सडलेले असेल तर पहिल्या दिवशी पूर्ण वेळ चालवू नका. खालचे ऑक्सिजनशून्य, हायड्रोजन सल्फाइडयुक्त पाणी वर येऊन उरलेले मासे मरतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज दुप्पट वेळ, अशी सुरुवात करा. कारंजे फक्त वरचा थर ढवळते. खोल तलावात हवा तळाशी सोडावी लागते.

१६. पाच दिवसांच्या बीओडी चाचणीत शेवटी ऑक्सिजन शून्य आला. बीओडी किती लिहायचा?

काहीच नाही, चाचणी पुन्हा करा. बीओडी म्हणजे पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. बाटलीत ऑक्सिजन संपल्यावर जिवाणूंची मागणी मोजलीच गेली नाही. नमुना जास्त विरळ करा. २० अंशाला अंधारात पाच दिवसांनी लिटरला निदान १ मिलिग्रॅम उरलेला आणि निदान २ मिलिग्रॅम वापरलेला असेल, तरच आकडा ग्राह्य. अंधार यासाठी की शैवालाने मधेच ऑक्सिजन तयार करू नये.

१७. हिरवा तवंग आलेलं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

नाही. अशा तवंगातले काही नील-हरित जिवाणू मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतात आणि ते उकळल्याने जात नाही. पाणी आटल्याने ते जास्त तीव्र होते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात ते आढळले, तेव्हा सुमारे ५ लाख लोकांना पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असे सांगावे लागले.

१८. नायट्रोजन रोखायचा की फॉस्फरस?

गोड्या पाण्याच्या तलावात आधी फॉस्फरस. कॅनडातल्या ओंटारिओत १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने एक सरोवर पडद्याने दुभागले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, एका भागात फॉस्फरसही. हिरवा झाला तो फॉस्फरसचा भाग. फक्त नायट्रोजन रोखला तर हवेतला नायट्रोजन वापरू शकणाऱ्या नील-हरित जिवाणूंना मैदान मोकळे मिळू शकते. किनाऱ्याजवळच्या समुद्रात मात्र नायट्रोजन अनेकदा मर्यादा घालतो, तिथे दोन्ही रोखावे लागतात.

१९. एखादा जिवाणू सबंध अन्नसाखळी मोडू शकतो का?

हो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून सूर्यफूल समुद्रतारे विरघळल्यासारखे होऊन मरू लागले. त्यांची सुमारे ९० टक्के संख्या गेली. ते समुद्री साळिंद्रे, म्हणजे काटेरी अर्चिन, खातात. खाणारा गेल्यावर अर्चिन माजले आणि त्यांनी केल्प या मोठ्या समुद्री शैवालाची वने फस्त केली. त्या वेळच्या सागरी उष्णतेच्या लाटेने हानी आणखी वाढवली. उत्तर कॅलिफोर्नियात केल्पचे आच्छादन ९० टक्क्यांहून जास्त घटले. या रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. केल्पला त्या जिवाणूने हातही लावलेला नाही, तरी वन गेले.

२०. म्हणजे वरचा दुवा काढला की खाली एकाआड एक वाढ-घट होणारच?

सरळ साखळीत तसे होते, जाळ्यात अनेकदा होत नाही. शिकाऱ्याला दुसरे भक्ष्य असते, भक्ष्याला बचाव. कशाभधारींचा उपद्रव वाढला की तळ्यातले काही जिवाणू लांब तंतू किंवा गुठळ्या करतात आणि गिळले जात नाहीत. एकूण संख्या फारशी घटत नाही, फक्त कोण उरतो ते बदलते. प्लवक खाणारे मासे काढून डॅफ्निया (पाण्यातला शैवाल खाणारा सूक्ष्म प्राणी) वाढवायचा आणि त्याच्याकडून शैवाल खाववायचे, हा उपाय उथळ तलावांत कधी कधी उत्तम चालतो. फॉस्फरस फार असेल तर फसतो, कारण तिथे मायक्रोसिस्टिस या नील-हरित जिवाणूच्या मोठ्या वसाहती असतात आणि त्या डॅफ्नियाला नीट खाता येत नाहीत.

२१. सांडपाणी पूर्ण थांबवलं, तरी दर वर्षी तवंग येतोच. असं का?

गाळात साठलेला फॉस्फरस परत येत असतो. ऑक्सिजन असताना तो लोहाला बांधलेला राहतो. तळाचा ऑक्सिजन संपला की काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी ते लोहच वापरतात. लोह विरघळते आणि फॉस्फरस सुटतो. सल्फेट वापरणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात, ते लोहाला पकडून ठेवते आणि फॉस्फरसला पुन्हा बांधायला लोह उरत नाही. तवंग, सडणे, ऑक्सिजन संपणे, फॉस्फरस सुटणे, पुन्हा तवंग असे हे चक्र बाहेरून काहीही न येता वर्षानुवर्षे, कधी काही दशके चालू शकते. अशा तलावात आधी तळाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि विरघळलेला फॉस्फरस उन्हाळाभर मोजा. ऑक्सिजन शून्याकडे जाताना फॉस्फरस चढत असेल तर स्रोत गाळ आहे. मग तळाशी ऑक्सिजन सोडणे, गाळ काढणे किंवा फॉस्फरस बांधणारी ॲल्युमिनियमची संयुगे टाकणे यांतून निवड करावी लागते. ॲल्युमिनियमची संयुगे टाकताना सामू ६ ते ८ च्या दरम्यान राखा. त्याखाली विरघळलेले ॲल्युमिनियम माशांना विषारी ठरते.